कोरड्या पायांची हपुषा

एका राज्यात वर्षाचे आठ महिने बर्फ पडे. उरलेल्या चार महिन्यांत लोक पेरून घेत, कापून घेत, लग्ने लावून घेत आणि पुन्हा दारे लावून बसत. अशा थंड मुलखात एक हिरवे पान दिसले तरी माणसाचा जीव हरखतो. म्हणून तिथे एक रीत पडली होती. कुणाच्या दारी झाड असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला तांब्याभर पाणी घालायचे. रीतीचे नाव पायरीपाणी. पाहुणा आला, घाल पाणी. शेजारीण भांडायला आली, तरी आधी घाल पाणी, मग भांड.

या राज्याचा राजा शार्दूलसेन. हाताचा उदार, डोक्याचा तापट. एकदा शिकारीला गेला असता त्याने धूम्रजट नावाच्या मांत्रिकाच्या टेकडीवर मुक्काम केला. शेकोटीला लाकूड हवे होते. मांत्रिकाच्या झोपडीपुढे हपुषेचे जुनाट झुडूप होते. बुटके, दाट, बारमाही हिरवे, सुईसारखी पाने आणि मण्यांसारखी निळी फळे. राजाने तलवार काढली आणि ते पार जुन्या लाकडापर्यंत छाटले.

धूम्रजट बाहेर आला. "हे माझ्या आईनं लावलं होतं," तो म्हणाला.

"मग काय झालं? फुटेल की पुन्हा!" राजा हसला.

"हपुषेचं जुनं लाकूड उघडं पडलं की त्याला पुन्हा पालवी येत नाही. आता तुझी लेकही उभी राहणार नाही."

त्याच घटकेला, सात कोसांवरच्या राजवाड्यात, राजकन्या शेवंतीची पावले बर्फाची झाली. निरोप आला तसा राजा मांत्रिकाच्या पायांवर पडला. सगळा तोरा उतरला होता.

"माझा राग मोठा आहे, पण मी खोटा नाही," धूम्रजट म्हणाला. "तीन कामं सांगतो. या टेकडीवरून हपुषेचं रोप ने. त्याला त्याची जागा दे. आणि एक हिवाळा जगव. वसंताच्या पहिल्या दिवशी ते जिवंत असेल, तर लेक उभी राहील. तीन हिवाळे तुझ्या हातात आहेत. तिसऱ्यात बर्फ तिच्या काळजाला भिडेल. आणि हा सोन्याचा कलश घे. यातलं पाणी कधी सरत नाही. तुझ्या मनात येईल तेव्हा झाडाला घाल."

राजाला वाटले, मांत्रिकाला दया आली.

पहिल्या वर्षी राजाच्या माळ्याने टेकडीवरचे सर्वांत देखणे रोप उपटून आणले आणि महाद्वाराच्या पायरीशी लावले. राजा रोज स्वतःच्या हाताने कलश ओती. दरबारीही तांब्या घेऊन रांगेत उभे राहत. पौषात झाड मेले आणि बर्फ शेवंतीच्या गुडघ्यांपर्यंत चढला. दुसऱ्या वर्षी त्याहून देखणे रोप आणले आणि दुप्पट पाणी घातले. झाड मार्गशीर्षातच मेले. बर्फ कमरेला आला.

आता तिसरे वर्ष. राजाने दवंडी पिटली. पण मोठमोठे माळी एकाएकी आजारी पडले.

राजवाडा होता त्या गडाखाली गोजरा नावाची एक माळीण राही. लसूण, कांदा, चार औषधी झाडे, एवढाच तिचा संसार. बाई मनाने लोण्यासारखी, पण दुसऱ्याच्या परसात डोकावल्यावाचून तिला घास गोड लागत नसे. राजवाड्याच्या उकिरड्यावर काय येऊन पडते, हेही तिला पाठ. मेलेली दोन्ही झुडपे तिने तिथे उलटीपालटी करून पाहिली होती. मुळे काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता.

तिच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. ही साळुंकी माणसासारखी बोले. वर्षाला तीन प्रश्नांची खरी उत्तरे देई, बाकी वर्षभर नुसती बडबड.

गोजराने पहिला प्रश्न विचारला, "राजाचं झाड कोण मारतं?"

साळुंकी म्हणाली, "जो त्याला सगळ्यांत जास्त जपतो तो."

गोजरा उठली. पदर खोचला आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, मी करते काम. पण माझ्या तीन अटी. माझ्यावाचून झाडाला कुणी पाणी घालायचं नाही. त्याला कुणी कात्री लावायची नाही. आणि वसंताच्या आधी, मेलं म्हणून कुणी उपटायचं नाही."

"आणि तू हरलीस तर?"

"तर ताईसाहेब जातील महाराज. त्यापुढं माझं काय करायचं ते करा."

राजाने तलवारीवर हात ठेवून वचन दिले.

ती टेकडीवर गेली. तिथे एक पांढरे अस्वल पहाऱ्याला होते. माणसाएवढी रोपे वाऱ्यावर डुलत होती. गोजराने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीएवढे एक गोल, गच्च रोप तिने निवडले. भोवतीची माती हातभर खणली, मातीच्या गड्ड्यासकट रोप उचलले आणि गोणपाटात घट्ट बांधले.

"मोठं का नाही घेतलंस?" अस्वलाने विचारले.

"मोठ्याची मुळं तुटतात. हे माझ्या मिठीत मावतं."

"याआधीच्यांनाही मी हेच विचारलं होतं," अस्वल म्हणाले. "ते म्हणाले, राजाला शोभायला हवं. जा बाई. पाय कोरडे ठेव याचे."

पहिले काम झाले.

दुसरे काम जागेचे. महाद्वाराशी तटाची सावली पडे आणि पागोळ्यांचे पाणी साचे. गोजराने साळुंकीला दुसरा प्रश्न विचारला, "या वाड्यात हिवाळ्याचं ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठं थांबतं?"

"विजयस्तंभ उभा आहे तिथं," साळुंकी म्हणाली.

हा स्तंभ राजाच्या अकरा लढायांचा. उतारावर, शेवंतीच्या खिडकीसमोर उभा.

"पाडा," गोजरा म्हणाली.

"बाई, तोंड सांभाळून!" राजा गरजला. "माझ्या बापानं यावर माझं नाव कोरलं आहे!"

खिडकीतून शेवंतीचा आवाज आला. "बाबा, खांब पाडला तर तुमचं नाव मी लक्षात ठेवीन. पण मी असायला हवी ना!"

राजाने कामकऱ्यांना हाक मारली. दुपारपर्यंत स्तंभ आडवा झाला होता.

गोजराने त्या उतारावर खडी आणि जाड वाळू मातीत कालवली. वर ओतलेला तांब्या दहा मोजेपर्यंत जिरून गेला, तेव्हा तिने रोप बसवले. बुंधा मातीत गाडला नाही, टेकडीवर होता तेवढाच वर ठेवला. चारही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी सोडली.

"एवढ्याशा झुडपाला एवढी जागा?" राजा म्हणाला.

"आत्ता एवढंसं आहे महाराज. पाय पसरेल हळूहळू. तेव्हा तुम्ही कात्री मागाल, म्हणून आत्ताच जागा सोडते."

वारा उत्तरेकडून सुटे. त्या अंगाला तिने कुडाचा आडोसा केला. जमीन गोठायच्या आधी एक दिवस सावकाश, खोलवर पाणी दिले. मग भांडे उपडे घातले आणि म्हणाली, "झालं. आता वसंतात."

दुसरे काम झाले. तिसरे उरले, आणि ते म्हणजे काही न करणे. या राज्यात एवढे अवघड काम आजवर कुणाला सांगितले नव्हते.

बर्फ आला. लोक तांबे घेऊन आले. गोजरा आडोशाला बसून होती.

"अगं, घोटभर तरी घालू दे," एक म्हातारी म्हणाली. "देवाच्या दारात आल्यासारखं वाटतं गं."

"म्हातारे, या थंडीत तुझ्या पायांवर कुणी रोज तांब्या ओतला तर?"

म्हातारीने आपले पाय लुगड्यात ओढून घेतले आणि तांब्या परत नेला. पण सगळेच तसे शहाणे नव्हते. काहीजण कुजबुजत गेले, की माळीण झाडाला तहानेने मारते आहे.

फांद्यांवर बर्फ साचे. गोजरा मऊ झाडू घेई, फांदीखाली घाली आणि अलगद वर उचलून बर्फ झटके. वरून खाली मारला तर फांदी मोडते. असे दोन महिने गेले. बर्फ शेवंतीच्या बरगड्यांपर्यंत आला. ती आता एकेक शब्द थांबून बोले.

आणि मग माघात, एका सकाळी, हपुषेचा रंग बदलला. हिरवेपणा गेला. सुईसारखी पाने आधी जांभळट झाली, मग वाळल्या रक्तासारखी तपकिरी. दोन दिवसांत झुडूप टोकापासून बुडापर्यंत तसे झाले.

गडावर रडारड सुरू झाली. राजा धावत आला. एका हातात कलश, दुसऱ्या हातात तलवार. कलशातले पाणी गोड आवाजात बोलत होते, "घाल, घाल, अजून वेळ गेली नाही. तहानलंय ते."

गोजरा झाडासमोर आडवी झाली. "महाराज, वचन!"

"मेलं ते! दिसत नाही तुला?"

"थंडीनं कूस बदललीय त्यानं. मेलेलं झाड ठिसूळ होतं. याची फांदी लवते."

"बाजूला हो!" तलवार वर गेली.

आता साळुंकीचे एक खरे उत्तर शिल्लक होते. गोजराने ते याच दिवसासाठी राखले होते. तिने तोंड उघडले, एवढ्यात राजाच ओरडला, "मला काय वेडा समजतेस?"

"होय," साळुंकी म्हणाली.

आणि तिसरे उत्तर संपले.

मग गोजराने कपाळावर हात मारला. "महाराज, अहो, हे विचारायचं होतं होय? हे तर मीसुद्धा सांगितलं असतं!"

कुणी हसले नाही. वर खिडकीत शेवंतीचे ओठ निळे पडले होते. आता सांगायला पक्षी नव्हता, अस्वल नव्हते. एका बाजूला बोलणारे सोने होते आणि दुसऱ्या बाजूला लसूण लावणारी एक बाई.

"नख लावा," गोजरा म्हणाली.

"काय?"

"तलवार ठेवा खाली. ही बारकी काडी धरा. साल नखानं तिळाएवढी खरवडा. आत वाळकं निघालं, तर आधी माझी मान उडवा."

राजाने तलवार बर्फात रोवली. वाकला. नख लावले. तपकिरी साल निघाली आणि खाली ओलसर, कोवळा, पोपटाच्या पिसासारखा हिरवा रंग दिसला.

"जिवंत आहे," राजा म्हणाला.

"मग घाल!" कलश गोड बोलला. "जिवंत आहे तर घाल! वाचव! बाप ना तू?"

राजाचा हात कलशासह उचलला गेला. तो गोजराकडे पाहत राहिला. गोजरा यावेळी आडवी झाली नाही. फक्त म्हणाली, "आधी तिथं ओता." तिने पडलेल्या विजयस्तंभाकडे बोट दाखवले.

राजाने कलश स्तंभावर उपडा केला. पाणी दगडाच्या भेगांत शिरले, गोठले, फुगले. कडाड्कन आवाज झाला आणि अकरा लढाया मिरवणारा दगड दुभंगला. कलशात पाणी उरले नाही. आवाजही उरला नाही.

राजा त्या दोन तुकड्यांकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला. "दोन्ही वर्षं," तो म्हणाला, "रोज. माझ्याच हातानं."

गोजरा त्याच्या शेजारी बसली. राजा आहे हे क्षणभर विसरली. "मायेनं घातलंत हो," ती म्हणाली. "पण आता हाताला दुसरं काम द्या. हा घ्या झाडू."

त्या दिवसापासून राजा रोज सकाळी फांद्यांखालून झाडू घाली आणि बर्फ वर उचलून झटके. साळुंकी भिंतीवरून म्हणे, "अलगद! लढाई नव्हे ती!" राजा ऐकून घेई. झुडूप तपकिरीच राही. बर्फ शेवंतीच्या काळजाखाली चार बोटांवर आला, मग दोन, मग एक. राजाला वाटे, गोजराचे उपडे भांडे सुलटे करून भरावे आणि एक ओंजळ घालावी. फक्त एक. तेव्हा तो दोन्ही हात काखेत घट्ट धरून बसे.

वसंताचा पहिला दिवस उजाडला. ऊन उतारावर आले आणि थांबले. लोक तटावर उभे होते, रिकाम्या हातांनी. दुपारपर्यंत काही झाले नाही. मग झुडपाच्या आतल्या बाजूने, बुंध्याजवळून, हिरवेपणा चढू लागला. तपकिरी जांभळे झाले, जांभळे निळसर, निळसर हिरवे. टोकाटोकांवर फिकट, मऊ, नवी पालवी दिसली.

वरच्या खोलीत टप टप आवाज झाला. राजा जिने चढून धापा टाकत पोचला, तर शेवंतीच्या आसनाखाली पाण्याचे थारोळे झाले होते, आणि ती भिंत धरून उभी होती.

"बाबा," ती तोंड वाकडे करून म्हणाली, "पायांना काय मुंग्या आल्यात!"

राजाने तिचे पाय आपल्या शेल्याने पुसून कोरडे केले. बराच वेळ पुसत होता.

पुढे दोन वर्षांनी हपुषेची एक खालची फांदी मातीला टेकली आणि तिला तिथेच मुळे फुटली. राजाने ती वेगळी केली, गोणपाटात बांधली आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन पायी सात कोस गेला. धूम्रजटाच्या झोपडीपुढे तो जुना उघडा बुंधा अजून होता. त्याच्या शेजारी राजाने खड्डा खणला, खडी मिसळली, रोप बसवले.

धूम्रजट दारात उभा राहून सगळे पाहत होता. "पाणी?" त्याने विचारले.

"एकदा," राजा म्हणाला. "मग वसंतात."

मांत्रिकाने आत जाऊन राजासाठी आसन आणले.

त्या राज्यात पायरीपाण्याची रीत अजून आहे. फक्त हिवाळ्यात लोक रिकामा तांब्या घेऊन येतात, झाडापाशी टेकवतात, खुशाली विचारतात आणि परत नेतात. गोजराबाई कुंपणावरून बघत असते, कुणाच्या तांब्यात थेंब तर नाही ना. शेवंतीचे पाय शाबूत राहिले, राजाचा हात आवरता झाला, हपुषा हिरवी राहिली. तशी तुमच्या दारची हिरवी राहो, आणि तुमच्या घरातली पावले उबदार राहोत.