आधी सभा, मग भिंत

सह्याद्रीतल्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांचा एक मोठा थवा राहत असे, आणि त्या थव्यातल्या थोर मंडळींना आपल्या शहाणपणाचा फार गर्व असे. पोरांनो, वाचताना तुमच्या घरातल्या कुणाची आठवण झाली, तर माझा नाइलाज आहे.

धनेश संसार कसा करतात ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी, म्हणजे धनेशीण, झाडाच्या ढोलीत शिरते. नर ओढ्यावरून चोचीत चिखल आणून देतो. त्या चिखलाने ती आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. मग तीन महिने ती आत, तो बाहेर. तो फळं आणतो, फटीतून देतो. ती अंडी उबवते, पिलं वाढवते. साप आत शिरत नाही, माकडाला हात घालता येत नाही. व्यवस्था उत्तम आहे. तक्रार तिच्याबद्दल नाहीच.

तक्रार सभेबद्दल आहे. दर वर्षी भर उन्हाळ्यात मोठ्या उंबरावर थव्याची सभा भरे. पुढच्या वर्षी कोणती ढोली कुणाला, हे तिथं ठरे. सभा सगळ्यांना खुली होती, तसा नियमच होता. पण भर उन्हाळ्यात झाडून साऱ्या धनेशिणी भिंतीआड. ज्या पोरींची लग्नं झालेली नसत, त्यांना “लहान आहेस, बस” म्हणून गप्प करत. लग्न झालं की त्या ढोलीत. म्हणजे लहानपण संपतं आणि भिंत सुरू होते, त्याच्या मधे सभेला जाण्याएवढी जागाच कुणी ठेवली नव्हती. आणि सभेच्या शेवटी थोर मंडळी दर वर्षी माना हलवून म्हणत, “यंदाही एकही धनेशीण आली नाही. त्यांना या गोष्टींत रसच नसतो.”

हे त्यांनी मुद्दाम केलं होतं का? छे. मुद्दाम करायला डोकं लागतं. यांनी नुसतं कधी वळून पाहिलं नव्हतं.

त्या थव्यात एक तरुण धनेशीण होती. नुकतंच लग्न झालेली, दोन-चार दिवसांत अंडी घालणार. तिच्या नवऱ्याला सभेने ओढ्याकाठच्या बेहड्याच्या झाडाची ढोली दिली होती. ती ढोली तिला पाठ होती, कारण ती तिथंच जन्मली होती. तीन भावंडं होती ती. वळवाचा पाऊस आला, वरच्या भोकातून पाणी आत उतरलं आणि तळाशी साचलं. आईने हिला पाठीवर घेतलं. तिघं मावत नव्हती. उरलेली दोघं सकाळपर्यंत गार पडली.

ती तडक सभापतींकडे गेली. सभापती म्हणजे थव्यातला सगळ्यात म्हातारा धनेश. चोचीवरचं शिंग एवढं मोठं की मान त्याच्या वजनानेच खाली वाकलेली; लोकांना वाटे, विचार करतोय.

“काका, बेहड्याची ढोली नको. तिच्यात पाणी भरतं.”

“बेहड्याची? अगं पोरी, नशीब काढलंस! काय झकास फांदी आहे बाहेर! पाय पसरून बसावं. सकाळचं कोवळं ऊन. समोर ओढा.”

“फांदी तुमच्यासाठी आहे, काका. मला आत राहायचंय. आतून कशी आहे ते पाहिलंत कधी?”

“आतून काय पाहायचं असतं? ढोली ती ढोली.”

“माझ्या आईची दोन पिलं मेली तिच्यात.”

“तुझा बाप बोलला होता सभेत,” सभापती म्हणाले. “आम्ही नोंद घेतली. माद्यांचा घाबरटपणा, असा शेरा पडला. आता तुला पटत नसेल तर रीतसर उन्हाळ्यात सभेत मांड. कोण अडवतंय?”

“उन्हाळ्यात मी भिंतीआड असेन की!”

“हां, मग त्याला आम्ही काय करणार?” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. म्हाताऱ्यांची ही एक खास युक्ती आहे. प्रश्न अवघड आला की त्यांना झोप येते.

ती ओढ्यावर गेली. तिथं सगळ्या धनेशिणी पंख धुवायला जमलेल्या होत्या. सभापतींची बायकोही होती, सगळ्यांची काकू. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, आम्ही काढलीच ना इतकी वर्षं? थोडं सोसावं लागतं.”

“काकू, तुम्ही सोसलंत म्हणून मीही सोसायचं? मग तुमच्या सोसण्याचा उपयोग काय झाला?”

हे उद्धट होतं. पण खरंही होतं. कुणीतरी आता पोरीला झापणार, असं सगळ्यांना वाटलं. काकू मात्र बराच वेळ पंखावरून चोच फिरवत राहिली.

“माझ्या पहिल्या ढोलीत मुंग्या होत्या,” ती हळूच म्हणाली. “तांबड्या. तीन महिने चावत होत्या. मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, बाकीच्यांच्या ढोल्या चांगल्या आहेत, माझंच नशीब फुटकं.”

“मुंग्या?” एक जाडी धनेशीण म्हणाली. “माझी तर एवढीशी आहे, वळायला जागा नाही. तीन महिने मी एकाच बाजूला तोंड करून बसते. बाहेर आले की आठ दिवस तिरकी उडते!”

“म्हणून तू तिरकी उडतेस होय! आम्हाला वाटायचं, तोरा आहे!”

आणि मग जी काही हसाहशी झाली! एकीच्या ढोलीत वटवाघळाचं कुटुंब भाड्याशिवाय राहत होतं. एकीची अशी तिरपी की अंडी रोज घरंगळून कोपऱ्यात जात आणि ती रोज त्यांना वर ढकलून आणी. हसता हसता एकेकीला उमगत गेलं. इतकी वर्षं जी ती आपापल्या भिंतीआड एकटी बसली होती, आणि सगळ्या एकाच गोष्टीने हैराण होत्या.

“आपण सभा घेऊ,” तरुण धनेशीण म्हणाली. “भिंत घालायच्या आधी. सभा होईपर्यंत कुणी आत जायचं नाही.”

“आणि नरांनी जबरदस्तीने लिंपलं तर?” जाडीने विचारलं.

“त्यांना लिंपता येतं कुठे? भिंत आतून घालावी लागते. आजवरची एकूण एक भिंत आपण घातलीय.”

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

“पण अंडी थांबत नाहीत गं,” एक जण म्हणाली.

“माहीत आहे. सगळ्यांत आधी माझीच यायची आहेत.” तरुण धनेशीण म्हणाली. “पण बेहड्यात घालण्यापेक्षा मी उघड्यावर घालीन.”

दोन दिवसांनी लिंपणाचा दिवस आला. हा या थव्याचा मोठा सण. सगळे नर एकाच वेळी ओढ्यावर जात, चोच भरून चिखल घेत आणि रांगेने उडत आपापल्या ढोलीपाशी येत. चोचीतला चिखल वाटेत टाकायचा नाही, असा कडक नियम होता. जो टाकेल त्याला वर्षभर सगळे हसत. हा नियम सभापतींच्या आजोबांनी केला होता. का केला होता, ते बहुधा आजोबांनाही ठाऊक नसावं.

नर आले. बघतात तो ढोल्या रिकाम्या! सगळ्या धनेशिणी मोठ्या उंबरावर ओळीने बसलेल्या. नर गोंधळले. चिखल टाकावा तर नाचक्की, आणि चोच उघडल्याशिवाय विचारायचं कसं? तेही मुकाट्याने उंबरावर येऊन बसले. चिखल सांडू नये म्हणून सगळ्यांनी चोची आभाळाकडे धरल्या.

“वा!” काकू म्हणाली. “लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे माझं बोलणं मधेच न तोडता ऐकतायत, असं आजच बघते आहे.”

“म्म्म! म्म!” सभापती म्हणाले.

“सभापती सभा सुरू करा म्हणतायत,” तरुण धनेशीण म्हणाली, आणि सभा सुरू झाली.

काकू मुंग्यांबद्दल बोलली. जाडीने तिरकं उडून दाखवलं. तेव्हा दोन नरांना इतकं हसू आलं की त्यांच्या नाकपुड्यांतून चिखलाचे फुगे आले. मग तरुण धनेशीण बोलली. पाणी कुठून येतं, किती साचतं, आईच्या पाठीवर किती पिलं मावतात. ती रडली नाही. नुसतं सांगितलं.

तिच्या नवऱ्याने ते ऐकलं आणि तो उडाला. सरळ बेहड्यावर गेला, चोचीत चिखल तसाच, आणि अंग चोरून ढोलीत शिरला. नर ढोलीत शिरल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा शेपटीतून काळं पाणी ठिबकत होतं. हिवाळ्यातही तळाशी पाणी साचलेलं होतं. त्याने सगळ्यांसमोर चोचीतला चिखल थू करून टाकून दिला.

“मी ही ढोली सभेकडून हौसेने मागून घेतली होती,” तो म्हणाला. “फांदी बघून. आत उभं राहिलो तर पाणी गुडघ्यापर्यंत आलं. हिला मी तिथं ठेवणार होतो.” मग तो आपल्या बायकोकडे वळला. “तू मला चार वेळा सांगितलंस. मी ‘बघू’ म्हणालो. चुकलं माझं.”

कुणी हसलं नाही.

“तर ठराव असा,” तरुण धनेशीण म्हणाली. “आजपासून सभा भिंतीच्या आधी. नर आणि माद्या, सगळ्यांना एकेक मत, लग्न झालेलं असो वा नसो. आणि जिला ज्या ढोलीत राहायचं, ती तिनं आधी आत जाऊन पाहायची. मान्य असेल त्यांनी चोच वर करा.”

धनेशिणींच्या चोची वर गेल्या. नवऱ्याची गेली. आणि बाकीच्या नरांच्या तर आधीपासून वरच होत्या!

“एकमताने मंजूर!” जाडी ओरडली.

सभापतींना आता राहवेना. त्यांनी मान झटकली, चोच उघडली, आणि सगळा चिखल पचकन त्यांच्याच पायांवर पडला. “ही फसवणूक आहे!” ते गरजले. “शंभर वर्षांची रीत! बघतोच तुम्ही किती दिवस बाहेर बसता ते. अंडी आली की मुकाट आत जाल!”

हे ऐकलं आणि तरुण धनेशिणीचा चेहरा उतरला. त्यांना नेमकी दुखरी जागा सापडली होती. आज-उद्या अंडी येणार, आणि चांगली ढोली एकही रिकामी नव्हती.

“रिकामी आहे,” काकू म्हणाली. “आमची. सगळ्यांत उंच, सगळ्यांत कोरडी. मी अंडी घालत नाही त्याला तीन वर्षं झाली. तरी दर वर्षी आत जाऊन बसते, का, तर सभापतींची ढोली रिकामी दिसायला नको. पोरी, ती तू घे.”

“अगं, पण मग तू कुठे राहणार?” सभापती चिरकले.

“बाहेर!” काकू म्हणाली, आणि हा शब्द तिला इतका आवडला की तिने तो आणखी दोनदा म्हटला.

सभापतींनी पाठिंब्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा एकामागून एक नर चिखल टाकू लागले. पचक, पचक, पचक. खाली चरणाऱ्या रानडुकरांची तर दिवाळीच झाली. “पुन्हा मतं घ्या,” एक जण म्हणाला, “आता आमच्या चोची मोकळ्या आहेत.” मतं पुन्हा घेतली. सभापती सोडून सगळ्या चोची पुन्हा वर गेल्या.

त्या संध्याकाळी तरुण धनेशिणीने काकूच्या ढोलीत आतून हिंडून पाहिलं, तळ टोकरून पाहिला, छत ठोकून पाहिलं, आणि मगच नवऱ्याकडे चिखल मागितला. दुसऱ्या दिवशी तिने तीन अंडी घातली. वळीव आला, धो धो कोसळला, आणि बेहड्याची ढोली काठोकाठ भरली. तिच्यात कुणी नव्हतं. तिन्ही पिलं कोरडी ठणठणीत राहिली आणि भुकेने इतकी ओरडत होती की बापाला दिवसभर उसंत मिळेना.

आणि काकू? काकू उन्हाळाभर उनाडली. दरीच्या पार टोकाला जाऊन आली. उंबर पिकतं ते भर उन्हाळ्यात, आणि चाळीस वर्षं तिचा उन्हाळा भिंतीआड गेला होता. एक दिवस ती उंबरावर उतरली आणि तिने आपल्या चोचीने निवडून एक लालबुंद, पिकलेलं फळ खाल्लं. खाता खाता ती थांबली. दुसरं खाल्लं. तिसरं खाल्लं. मग हळूच वळून, शेजारी बसलेल्या सभापतींकडे तिने रोखून पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “उंबर गोड असतं?”

सभापतींनी लगेच डोळे मिटले.

“चाळीस वर्षं तुम्ही फटीतून मला हिरवी, तुरट उंबरं देत होतात! मला वाटायचं, हे फळ असंच असतं!”

साऱ्या जंगलाने काकूचं हसणं ऐकलं. ती हसत होती, पिकली उंबरं खात होती, आणि सभापती एकेक फांदी मागे सरकत होते.

तात्पर्य, आणि हे घरातल्या थोरांना मोठ्याने वाचून दाखवा : जिला आत राहायचं आहे तिला विचारल्याशिवाय घर ठरवू नये, आणि कुणी विचारतच नसेल, तर सगळ्याजणींनी मिळून बाहेर बसावं, कारण बरोबरीचा हक्क एकटीने सोसून मिळत नाही, एकत्र बोलून मिळतो.