जमिनीवर न सांडलेले पाणी

एकदा एका वृद्ध मिस्त्रीकडे अशी गाडी आली की, तिच्यातले पाणी रोज कमी होत होते आणि खाली एक थेंबही पडत नव्हता. तक्रार ऐकायला किरकोळ आहे. पण त्या पाण्यापायी एका माणसाची अठरा वर्षांची नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून ही हकिकत सांगण्याजोगी.

घाटाच्या पायथ्याला, एका तालुक्याच्या गावी या मिस्त्रीचे गॅरेज होते. पंचाहत्तरी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हात मात्र अजून स्थिर. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता; तिशीतला, इंजिनांची पदविका घेतलेला आणि ती घेतल्याचे सहसा न विसरणारा. कामाला तो चोख होता. निकाल तेवढा जरा घाईने देई.

गाडी एका कापडाच्या व्यापाऱ्याची होती. माणूस मुळात वाईट नव्हता. पण त्या महिन्यात गाडी घाटात दोनदा तापून बंद पडली होती, आणि दुसऱ्या खेपेला आत त्याची आजारी आई होती. भर उन्हात दोन तास ती माउली रस्त्याच्या कडेला बसून राहिली. तेव्हापासून व्यापाऱ्याचा सगळा राग त्याच्या चालकावर, शिवरामवर निघत होता. गाडी मुक्कामाला शिवरामच्याच दारात असे, आणि इंजिन थंड ठेवणारे हिरवे कूलंट, ज्याला आपण सारे पाणीच म्हणतो, ते रोज सकाळी पाहण्याचे काम त्याचे होते.

"एवढं एकच काम सांगितलं होतं ना तुला?" व्यापारी गॅरेजच्या दारातच कडाडला.

"मालक, रोज बगतुय. कालबी अर्धा लिटर घातलं," शिवराम खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्या दिशी बगावं तर पुन्ना कमी."

"मग जातं कुठे? तू पितोस?"

शिष्य गाडीखाली सरकला. त्याने नळ्या चाचपल्या, रेडिएटर पाहिला, पाण्याच्या पंपाच्या सीलखाली बोट फिरवले. सगळे कोरडे ठणठणीत. तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "शेठ, गळती कुठेच नाही. पाणी गळत नाही आणि तरी कमी आहे, याचा अर्थ ते भरलंच जात नाही."

हिशेब सरळ होता. इतका सरळ, की तो चुकला असेल असे कुणालाच वाटले नसते. व्यापाऱ्याने हात पुढे केला. "ऐकलंस? ठेव चावी. उद्यापासून येऊ नकोस."

शिवरामने खिशात हात घातला. बाकावर बसलेला उस्ताद तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"चावी राहू द्या त्याच्याजवळ, शेठ. मला त्याच्याकडून सेल्फ मारून घ्यायचाय."

इंजिन थंड होते. उस्तादाने शिष्याला पेट्रोलला ठिणगी देणारे चारही प्लग काढायला लावले आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडायला सांगितले. पहिला, दुसरा आणि चौथा प्लग काजळीने काळपट झाले होते. तिसरा मात्र नुकताच डबीतून काढावा तसा लखलखीत.

"बघा उस्ताद, तीन नंबर एकदम निरोगी आहे," शिष्य म्हणाला. "बाकीचे तीन घासून साफ करतो."

उस्तादाने ते तीन प्लग त्याच्या हातातून काढून घेतले आणि होते तसेच बाजूला ठेवले. तिसरा तळहातावर घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "या तिघांची काही तक्रार नाही. दुखणं आहे ते याला."

शिष्य चपापला. म्हाताऱ्याची नजर गेली की काय, अशी शंका त्याच्या मनात येऊन गेली. व्यापाऱ्याच्याही आली असावी, कारण त्याने घड्याळाकडे पाहिले.

उस्तादाने रेडिएटरच्या तोंडावर दाब देणारा हातपंप बसवला, काटा वर चढेपर्यंत दांडा मारला आणि सर्वांना चहा मागवला. अर्धा तास गेला. जमीन कोरडीच होती. पंपावरचा काटा मात्र बराच खाली उतरला होता; दाब कुठेतरी निसटत होता. मग उस्तादाने व्यापाऱ्याकडे पांढऱ्या कापडाचा तुकडा मागितला. नमुन्याचे मांजरपाट गाडीत होतेच. तो तुकडा शिष्याला प्लगांच्या चार भोकांवर, जरा वर धरायला सांगून त्याने ठिणगीची जोडणी काढली.

"शिवराम, मार सेल्फ."

इंजिन फसफसत फिरले. पहिल्या भोकातून वारा आला. दुसऱ्यातून आणि चौथ्यातूनही वाराच. तिसऱ्यातून एक फवारा उसळला आणि पांढऱ्या कापडावर तळहाताएवढा हिरवा डाग उमटला.

ज्या भोकात केवळ पेट्रोल आणि आग असायची, तिथून व्यापाऱ्याने स्वतः आणून दिलेले हिरवे कूलंट बाहेर आले होते. शिष्याने टॉर्च घेऊन आत डोकावून पाहिले. बाकीच्या तीन खोल्यांतले, म्हणजे सिलिंडरांतले, पिस्टन कोळशासारखे काळे होते. तिसऱ्यातला धुतल्यासारखा चमकत होता, आणि त्यावर पाण्याचा थेंब थरथरत होता. शिष्याने अशी इंजिने शंभर वेळा उघडली होती. पण त्या क्षणी त्याला, देवळाच्या गाभाऱ्यात नको तेवढे पुढे गेल्यावर वाटते तसे वाटले.

"तू जमीन पाहिलीस," उस्ताद हळू आवाजात म्हणाला. "पाणी खालीच पडतं, ही आपली समजूत. हे पाणी आगीत जात होतं. अरे, या लोखंडात आग आणि पाणी शेजारी नांदतात. मधे असतं एक गॅस्केट, फार तर चार-पाच पोस्टकार्डांच्या जाडीचं. गाडी घाट चढते तेव्हा त्याच्या अलीकडे मिनिटाला हजारो भडके उडतात, आणि पलीकडे पाणी आपलं निवांत वाहत असतं. पन्नास वर्षं बघतोय, अजून अंगावर काटा येतो. त्या गॅस्केटला केसाएवढी वाट मिळाली की पाणी आगीच्या खोलीत उतरतं, त्याची वाफ होते, जाता जाता काजळी धुऊन नेते आणि धुराड्यातून हवेत मिसळते. मागे काय ठेवते? एक स्वच्छ प्लग. त्याला तू निरोगी म्हणालास. आणि हा माणूस रोज पाणी घालत होता, त्याला तू खोटा म्हणालास."

शिष्य गाडीच्या खिडकीशी गेला. "शिवरामदादा, मला कळलं नव्हतं, तर तसं सांगायला हवं होतं. तुमच्यावर ढकलायला नको होतं. चुकलो मी."

शिवराम अजून स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याने शिष्याकडे पाहिलेही नाही.

"म्हंजी मी घालत हुतो," तो म्हणाला.

"काय?"

"पानी. मला वाटाया लागलं हुतं, मीच इसरतुय. डोस्कं फिरलंय माजं. गेला आठवडाभर बायकूला शेजारी हुबं करून भरत हुतो. तिनं बगितलं, म्हंजी भरलं, असं."

व्यापाऱ्याच्या हातात तो डाग पडलेला तुकडा होता. त्याने त्याची उगीचच घडी केली, पुन्हा उलगडली. "आईसमोर बोललो होतो मी तुला, शिवराम," तो म्हणाला. "आईसमोरच माफी मागीन. चल घरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्याने इंजिनाचे डोके, म्हणजे वरचा भाग, उतरवले. गॅस्केट अलगद सोडवून उजेडात धरले. तिसऱ्या खोलीच्या कडेला, पाण्याच्या वाटेपर्यंत, एक बारीक जळकी रेघ गेली होती. नखाने झाकली जाईल एवढी. त्या रेघेने घाटात एका म्हातारीला उन्हात बसवले होते आणि एका शहाण्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता. आपल्याला जे दिसले नाही ते घडलेच नाही, असे म्हणायला किती थोडा वेळ लागतो, हे शिष्याच्या तेव्हा ध्यानात आले.

त्याने उस्तादाला हाक मारली नाही, व्यापाऱ्याला निरोप धाडला नाही. आधी शिवरामला बोलावून घेतले.

शिवरामने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"आता हे टाकूनच देणार न्हवं?" त्याने विचारले.

"हो. नवीन बसवायचं."

"मग मी न्हेऊ का?" शिवराम म्हणाला. "घरी दावतो."

शिष्याने गॅस्केटवरचे तेल नीट पुसले, ते कागदात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी त्याला दिले.