राजाच्या नाकाखालची बाटली

"हूं! जांभळाची! ओढ्याकाठच्या झाडाची! आणि जांभळं तोडणारा आदल्या दिवशी लसूण खाऊन आला होता!"

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या राजे धुरंधररावांनी पेला खाली ठेवला आणि दोस्तांनी टाळ्या पिटल्या. दोस्त म्हणजे दोघंच. एक राजांचे मेहुणे बाजीबा, दुसरे पोटाने अख्खा किल्ला झालेले किल्लेदार. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या. टाळी वाजवताना किल्लेदारांचा एक हात मेहुण्यांच्या गालावर बसला, पण हात कुणाचा ते कुणाला कळलंच नाही!

पेले भरत होती भिवरा, दारू गाळणाऱ्या सोमाची लेक. तिच्यापुढे एकेक अजब बाटली. एक बदकाच्या आकाराची, चोचीतून ओतायची. एक उंटाच्या मानेची. एक तर चक्क वाळलेला दुध्या भोपळा!

मेहुणे प्रत्येक पेल्याला "द्राक्षाची!" म्हणत. मोहाची दिली, द्राक्षाची. ताडी दिली, द्राक्षाची. एकदा चुकून चूळ भरायचं पाणी दिलं, तेही द्राक्षाचं!

राजे मात्र एकदाही चुकेनात. छाती फुगवून म्हणाले, "या नाकाला आणि या जिभेला कळणार नाही असं जगात काही उरलंच नाही!"

भिवरा फिस्सकन हसली.

"कोण हसलं?" राजांनी पट्टी वर केली.

"मी, महाराज. आजवर प्यालात तेच ओळखता तुम्ही. ओळखीचा पाहुणा दारात आला नि ओळखला, त्यात कसली मर्दुमकी?"

झालं! सोमाने कोपऱ्यात कपाळाला हात लावला. राजांचं नाक लाल झालं.

"असं? मग अनोळखी पाहुणा आण! उद्या सांजेला एक बाटली भरून आण. आतलं मी जन्मात चाखलेलं नसावं, पण पहिल्या घोटात ओळखता यावं! नाही जमलं तर तुमची भट्टी फोडीन. आणि तू जन्मभर मेहुण्यांची भांडी घासशील!"

"पण महाराज, न चाखलेलं ओळखणार कसं?"

"ते तू बघ!"

"आणि मला भांडी उन्हात वाळवलेली लागतात हं," मेहुणे म्हणाले.

घरी जाताना सोमा रडकुंडीला आला. "तोंड आहे का तोफ तुझं? आज्याच्या हातची भट्टी ती! आता खायचं काय?"

"बाबा, दम धरा जरा. नाक मोठं असलं की नाकाखालचं दिसत नाही माणसाला!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाड्याच्या मागल्या दाराशी गेली. तिथे राजांचं पाणी तापवणारा राघूकाका चुलीत फुंकर मारत बसला होता.

"काका, महाराजांच्या नाकाखालून रोज जातं, पण तोंडात कधी जात नाही, असं काय आहे?"

"छ्या! जे नाकाखालून जातं ते तोंडातच जातं त्यांच्या! परवा देवापुढचा कापूरसुद्धा चाटून बघितला." मग राघूकाका थांबला आणि त्याने कोपऱ्यातल्या पितळी घंगाळाकडे बोट केलं. "हां, तेवढं एक. गुडघे धरतात ना त्यांचे! रोज तासभर यात पाय बुडवून बसतात. गरम पाणी, निर्गुडीचा पाला, ओवा, मीठ. वास असा, की मांजर वाडा सोडून गेलं!"

भिवराने टुणकन उडीच मारली.

सांजेला पुन्हा बैठक जमली. तिघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. भिवराने बदकाच्या चोचीतून तीन पेले भरले. सोमा दाराआड देवाचं नाव घेत उभा.

मेहुण्यांनी मोठ्ठा घोट घेतला. "वाहवा! द्राक्षाची! जुनी! फार जुनी!"

"जरा खारट लागते," किल्लेदार मिटक्या मारत म्हणाले, "पण काय दर्जा! थोर घराण्यातली दिसते!"

राजांनी पेला नाकाशी नेला. कपाळावर आठी पडली. एक घोट घेतला. आणि पट्टी भिरकावून किंचाळले, "अगं अवदसे! हे तर माझे पाय बुडवायचं पाणी!"

मेहुण्यांचा दुसरा घोट थेट किल्लेदारांच्या मिशीवर!

भिवराने शांतपणे हात जोडले. "ओळखलंत, महाराज?"

"न ओळखायला काय झालं? रोजचा वास आहे!"

"पहिल्याच घोटात?"

"पहिल्याच!"

"मग आता एवढंच सांगा. याआधी कधी चाखलं होतं?"

राजे हट्टी. हार मानणं रक्तातच नाही. 'हो, चाखलं होतं' म्हटलं की पोरगी हरलीच! ते बोलायला गेले, "हो, चा…" आणि तोंड उघडंच राहिलं.

"बोला की!" भिवरा म्हणाली. "चाखलं होतं म्हणालात तर तुम्ही जिंकलात. उद्या गावभर दवंडी पिटू, महाराज रोज पाय बुडवतात नि मग…"

"नाही! नाही! कध्धीच नाही चाखलं! तू जिंकलीस, बाई!"

मग राजे हळूच पुढे वाकले. आवाज खाली आणून विचारलं, "पण पोरी, खरं सांग. हे पाणी पाय घालायच्या आधीचं की नंतरचं?"

भिवराने बदक पुन्हा उचललं आणि चोच राजांच्या पेल्यावर धरली.

"ते मी कशाला सांगू, महाराज? तुमच्या जिभेला सगळं कळतं ना? घ्या आणखी एक घोट, नि तुम्हीच सांगा!"

राजे बदकाकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं, की ते लोडावरून घरंगळून सरळ किल्लेदारांच्या मांडीत पडले! डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं, सगळ्या अजब बाटल्या दिल्या, आणि त्या डोक्यावर घेऊन तिच्या घरापर्यंत पोचवायला दिले मेहुणे!