हातातला सदरा

"चिथावणं म्हणजे नेमकं काय, वस्ताद? तेवढंच सांगा."

भूपालनं गोठ्याच्या दारातूनच विचारलं. आवाज चढलेला. रागाच्या भरात गडी पाया पडायचंही विसरला.

तालमीमागच्या गोठ्यात दादू वस्ताद चंद्री म्हशीला वैरण घालत होते. तालमीतल्या पोरांना दूध तिचंच. म्हाताऱ्याचा जीव कुणात असेल तर तो चंद्रीत, असं सगळी पेठ म्हणायची.

"काय झालं?"

"सर्जेरावनं बाजारात गुलाब कुंभाराला काठीनं मारलं. बिचाऱ्याचा डोळा गेला. आणि फौजदारानं माझंही नाव घातलंय. म्हणे, भूपालनं चिथावलं."

"चिथावलंस?"

"नाही ओ. 'मार' म्हणालो नाही, 'हाण' म्हणालो नाही. एक शब्द काढला असेल तर जीभ झडो माझी."

"मग करत काय होतास?"

"काय करणार? त्यानं सदरा काढून माझ्याकडं दिला, मी धरला. दोस्ताचा सदरा, फाटायला नको. बास, एवढंच."

वस्तादांनी वैरणीची आणखी एक पेंढी चंद्रीकडं सरकवली.

भूपाल जवळ सरकला. "उद्या चौकशी आहे. तुम्ही नुसतं येऊन सांगा, पोरगा निर्दोष आहे म्हणून. तुमचा शब्द तालुक्यात कुणी मोडत नाही. नाहीतर मी तुरुंगात जातोय, वस्ताद. कुस्ती संपली, नाव संपलं."

वस्तादांनी डोक्याचा पटका उतरवला आणि त्याच्याकडं दिला. मग अंगातला सदरा काढला.

"धर."

भूपालनं धरला. वस्तादांनी दिलेली वस्तू धरायची नाही तर काय करायचं?

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. चंद्रीपुढं जाऊन पाय रोवले. दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली. चंद्री रवंथ करत, नेहमीसारखी त्यांच्याकडंच बघत होती.

भूपाल बघतच राहिला. म्हातारा खुळावला की काय? हात धरावा का त्यांचा? पण वस्तादांना अडवणारा आपण कोण? आणि ते काय उगीच करतील होय...

खाडकन आवाज झाला.

भूपालनं मिटलेले डोळे उघडले. घाव खुंट्यालगतच्या दाव्यावर बसला होता. मोकळी झालेली चंद्री सावकाश वळली आणि तिनं पेंढीला तोंड लावलं.

"वस्ताद... मेली असती की ती."

"असती."

"मला वाटलं तुम्ही..."

"तुला काय वाटलं ते सोड. माझं वय सत्तर. एका हातानं उचलून बाजूला ठेवलं असतंस मला. का नाही ठेवलंस?"

"हातात तुमचे कपडे होते ना."

असं म्हणत त्यानं कपडे पुढं केले. आणि त्याची नजर त्यांच्यावर गेली.

सदऱ्याची घडी घातलेली होती. दोन्ही बाह्या आत दुमडलेल्या, गळा वर, सुरकुती नाही. पटका गुंडाळून वर ठेवलेला.

ही घडी आपण घातली कधी? कुऱ्हाड वर गेली तेव्हाच. दुसरा वेळच नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत मुकं जनावर मरायच्या बेतात होतं, आणि आपण बाह्या दुमडत होतो. त्याला आपल्याच हातांची भीती वाटली.

"वस्ताद," तो कसाबसा म्हणाला, "बाजारात... सर्जेरावला मी सदरा परत दिला, तेव्हाही..."

वस्तादांनी कुऱ्हाड पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

"आता उद्या फौजदारापुढं येणार नाही तुम्ही," शेवटी तो म्हणाला.

"येईन की." वस्तादांनी सदरा घेतला, झटकून अंगात घातला. "पण आधी गुलाबच्या आईकडं जाऊ. ती विचारील, माझ्या लेकाचा डोळा फुटत होता तेव्हा तुझे हात काय करत होते? तिला काय सांगायचं ते वाटेत ठरव."