मुरगूडचं ‘चालतंय’

“म्हणजे सगळंच ठेवू का सर? एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस?”

बारगीर सर जुन्या टूथब्रशने कळ घासत राहिले.

मिरजेतल्या त्यांच्या घराच्या पडवीत फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर एका कीबोर्डाच्या सगळ्या कळा सुट्या करून मांडलेल्या. शंभरेक असतील. त्यातली जवळजवळ प्रत्येक माझ्या मुलीच्या घशात बरोब्बर अडकेल एवढी.

रेवा दहा महिन्यांची. रांगते. तिला मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं, दोन खुर्च्या आडव्या टाकून केलेल्या कुंपणात. माझा एक डोळा लॅपटॉपवर, एक कुंपणावर. सरांकडे बघायला तिसरा नव्हता.

“बोला ना सर. पाच वाजता कुलूप लावायचंय.”

“आत्ता किती वाजले?”

“चार वाजून पाच.”

“मग आहे वेळ.”

त्यांनी पुढची कळ उचलली.

आमच्या डेस्कटॉपचं नाव ‘ओसरी’. संगणक सुरू केला की समोर जे येतं, खिडक्या, मेनू, घड्याळ, ते सगळं म्हणजे ओसरी. कुणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी, हवी तशी बदलावी. सरांनी पॉलिटेक्निकमध्ये शिकवता शिकवता ती सुरू केली, आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात दिली. तेव्हा माझ्याबद्दल सगळ्यांचं मत चांगलं होतं. माझंसुद्धा.

नियम एकच. नवी आवृत्ती दोघांच्या संमतीशिवाय बाहेर पडत नाही. एक माझी, एक सरांची. आज पाचला कुलूप लागलं की तिच्यात काही बदलता येणार नव्हतं, आणि पुढची दोन वर्षं शाळांत, वाचनालयांत, लोकांच्या घरांत हीच चालणार होती.

माझी संमती मी देऊन आले होते.

“सेटिंग्जची खिडकी उघडली की लोक दचकतात सर. एकशे त्रेचाळीस चौकटी! ह्यावर टिचकी मारू की त्यावर? मी अकरावर आणल्यात. एका पडद्यात मावतं सगळं.”

“छान.”

सर ‘छान’ म्हणाले की मी सावध होते. माझ्या प्रोजेक्टच्या वहीवर त्यांनी एकदा ‘छान’ लिहिलं होतं, आणि खाली ‘पुन्हा करा’.

“हौस म्हणून नाही काढलं. प्रत्येक चौकट दर वेळी तपासावी लागते. तपासायला मी एकटीच आहे. रेवा झोपली तर तपासते, नाही झोपली तर… तशीच जाते. न तपासलेली सोय ठेवण्यापेक्षा काढलेली बरी. नाही का?”

“बरोबर आहे.”

“मग अडलंय कुठं?”

“कुणाला विचारून काढलंस?”

“सगळ्यांना!” हे उत्तर मी बसमध्ये घोकून आले होते. “चाचणीची आवृत्ती तीन आठवड्यांपूर्वी सोडली. वापरा आणि काय हवंय ते सांगा, म्हटलं. लोकांनी सांगितलं की. डुलणाऱ्या खिडक्या काढल्या होत्या, तर दोनशे बारा तक्रारी आल्या.”

डुलणाऱ्या खिडक्या म्हणजे माउसने खिडकी ओढली की ती खरवसासारखी थरथरते. उपयोग काही नाही.

“एकानं तर लिहिलं, ‘बाई, आनंद म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे का?’”

“आहे का?”

“…ठेवल्या परत. लोकांना हव्यात, ठेवल्या. एवढी काही मी हट्टी नाही.”

“आणि एकेक कळ?”

मला धास्ती होती ती हीच.

‘एकेक कळ’ ही सत्त्याण्णवावी चौकट. ती चालू असली की शिफ्ट दाबून सोडून दिली तरी चालतं. पुढची कळ दाबेपर्यंत संगणक ती दाबलेलीच धरतो. म्हणजे दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत. आतून मात्र भयंकर गुंता. हात लावला की दुसरीकडे काहीतरी मोडायचं. कशासाठी केली, ते कुठं लिहिलेलं नाही. कोडमध्ये सरांनी कडेला एकच शब्द टाकून ठेवलेला, ‘मुरगूडसाठी’. मला वाटलं, सरांचा काही विनोद असेल.

“काढली,” मी म्हटलं.

“तक्रारी?”

“शून्य. तीन आठवड्यांत एकसुद्धा नाही. डुलणाऱ्यांसाठी दोनशे बारा, हिच्यासाठी शून्य. आता ह्यातून मी काय समजायचं, तुम्हीच सांगा.”

सरांनी कळ उलटी करून मागची बाजू घासली.

तिकडे कुंपणात रेवाने भोकाड पसरलं.

“बघ गं तिच्याकडे.”

“झोपेला आलीये. रडू दे. रडतेय ना, म्हणजे ठीक आहे. सर, तुम्ही नुसतं हो म्हणा. तिकडे ओसरीवर काम करणारे आठ जण वाट बघत बसलेत. सगळे आपापली नोकरी सांभाळून करतात हे. त्यांना मी काय सांगू, की…”

रेवाचा आवाज चढला. मग मीही चढवला.

“…की कुणीही न मागितलेल्या एका चौकटीसाठी आवृत्ती अडलीये? शून्य म्हणजे शून्य सर. त्यात आणखी काय…”

रडणं थांबलं.

मी वाक्य टाकून उठले. खुर्ची मागे पडली.

रेवा कुंपणात नव्हती. वर्तमानपत्राच्या कडेला पाठमोरी बसली होती, शहाण्या मुलीसारखी. मान खाली. गाल फुगलेला.

मी तिचा जबडा धरला. बोट आत घातलं. वाकवलं. ओढलं.

ओली कळ माझ्या तळहातावर पडली.

रेवा किंचाळली. मग मी श्वास घेतला.

सरांनी माझ्या हातातून कळ उचलली, सदऱ्याला पुसली, उजेडात धरली.

“कॅप्स लॉक,” ते म्हणाले. “काढायची म्हणत असेल.”

मला हसू आलं नाही.

“रडत होती तेव्हा नाही उठलीस.”

“गप्प झालं की धावायचं असतं सर. कुठल्याही आईला विचारा.”

“हं.”

ते पुन्हा खाली बसले. एक कळ घासली. दुसरी घासली. मी रेवाला थोपटत उभी राहिले. चार पंचवीस झाले होते.

“शर्वरी, मुरगूडचं आलं का?”

“काय आलं?”

“चालतंय.”

मला आठवायला एक क्षण लागला. मुरगूडचे विष्णू हजगुडे म्हणून कुणी आहेत. चाचणीची आवृत्ती सुटली की त्यांची एका शब्दाची मेल येते. ‘चालतंय.’ ना नमस्कार, ना कळावे. मी त्यांना कधी उत्तर दिलं नव्हतं. देणार काय, ‘बरं’?

लॅपटॉपवर शोधलं. गेल्या खेपेचं होतं. त्याच्या आधीचं होतं. त्याच्याही आधीचं. ह्या खेपेचं…

“नाही आलं.”

“एरवी किती दिवसांत येतं?”

मी तारखा बघितल्या. “दुसऱ्या दिवशी.”

“आणि आता तीन आठवडे झाले.”

“विसरले असतील. माणूस आहे सर.”

“अकरा वर्षांत विसरला नाही.”

सर उठले. रेवाला माझ्या खांद्यावरून सोडवलं आणि पुन्हा माझ्या कवेत दिलं, दोन्ही हात अडकतील असं. मग लॅपटॉप टेबलाच्या कडेला सरकवला. खिशातून एक पेन्सिल काढली. नवी, टोक न केलेली.

“दातात धर.”

“काय?”

“ह्याच्यात नवी आवृत्ती आहे ना? एकेक कळ गेली अशी तक्रार लिही. हात लावायचा नाही.”

“सर, साडेचार वाजलेत…”

“दातात.”

धरली. लाकडाची चव आली. मला बोलता येईना, हा सरांना पहिला फायदा.

वाकले. तक्रारीचं पान उघडलेलंच होतं. पहिली चौकट ‘तुमचा ईमेल’. ती भरल्याशिवाय पुढचं काही उघडत नाही. ही अट मीच घातली होती, फुकटच्या कटकटी कमी व्हाव्यात म्हणून.

एस. एच. ए. आर. प्रत्येक अक्षराला मान खाली, मान वर. रेवा पेन्सिल ओढायला बघत होती. लाळ गळली. तिची नाही, माझी.

नाव पुरं झालं. आता ॲटची ती वेटोळी खूण. ती दोनच्या कळेवर, शिफ्टबरोबर.

शिफ्ट दाबली. मान उचलली. दोन दाबला.

पडद्यावर 2.

खोडलं. शिफ्ट जोरात दाबली. मान उचलली. दोन.

2.

पुन्हा.

2.

त्या खुणेशिवाय ईमेलचा पत्ता होत नाही. जगात कुणाचाच होत नाही.

मी तशीच वाकून राहिले. मान वर करायचा धीर होईना. पेन्सिल शेवटी सरांनीच काढून घेतली. तिच्यावर माझे दात उमटले होते.

“लिहिलीस?”

“…नाही.”

“मग शून्य झाली.”

सर आत गेले. आले तेव्हा हातात एक पोस्टकार्ड होतं, कडा मऊ पडलेलं. शिक्का मुरगूडचा, अकरा वर्षांपूर्वीचा. अक्षर गोल, सावकाश काढलेलं.

‘मा. बारगीर सर, स. न. वि. वि. माझे हात चालत नाहीत. तोंडात काडी धरून टाइप करतो. दोन कळा एकदम दाबता येत नाहीत, त्यामुळे ईमेल करता येत नाही, म्हणून हे कार्ड बहिणीकडून लिहून घेतलं. काही करता आलं तर बघावं. आपला, विष्णू हजगुडे.’

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं नाटक केलं.

“आता पण कार्ड टाकतील की,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. “बहीण आहे ना त्यांना. टाकतील.”

“कुठल्या पत्त्यावर?”

कार्डावर पॉलिटेक्निकचा पत्ता होता. तिथून निवृत्त होऊन सरांना सहा वर्षं झाली. त्यानंतर ह्या घराचा पत्ता ओसरीच्या ‘आमच्याविषयी’ पानावर तळाशी असायचा, मिरज, पिनकोडसकट.

असायचा. तोही मी त्याच आठवड्यात काढला होता. चार ओळींची जागा अडवत होता. कार्ड कोण टाकतं हल्ली…

मी रेवाला एका दंडावर सरकवलं.

लॅपटॉप मांडीवर घेतला. सत्त्याण्णवावी चौकट परत आणली. तळाच्या चार ओळी परत आणल्या. काढलेलं परत ठेवायला सात मिनिटं लागली. काढताना विचार करायला लागली होती त्याहून जास्तच असतील.

कडेचा शब्दही परत आला. ‘मुरगूडसाठी.’

रेवा माझ्या दंडावर झोपली होती. ती झोपली आहे की गप्प आहे, हे मी दोनदा नाकाशी बोट धरून बघितलं.

“अकराच्या बारा झाल्या सर.”

“हं.”

“पण हे एक तुम्हाला ठाऊक होतं म्हणून. उरलेल्या एकशे एकतीसमागे असं कोण कोण बसलंय, मी कुणाला विचारू? जो सांगू शकत नाही त्याला कसं विचारायचं?” मला थांबता येईना. “आणि सगळंच ठेवलं तर माझे हात पुरत नाहीत. खरंच नाही पुरत. दोन वर्षांत मी तरी राहीन नाहीतर ओसरी तरी. कितीही म्हटलं तरी काहीतरी काढावंच लागणार आहे…”

चार त्रेपन्न.

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. आड आलेली खिडकी कोपऱ्यात ओढली, संमतीचं पान उघडलं. बोट बटणावर नेलं, आणि तिथंच थांबवलं.

मोबाइल वाजला. आठांपैकी कुणीतरी असणार. मी उचलला नाही.

“काय काढू, तेवढं तरी सांगा सर.”

सरांनी बोट तसंच धरलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी अजून थरथरत होती.

“जे ओरडले, त्यांचं काढ.”