बूड टेकेना, दाणा मिळेना

ठिपकी मुंगी. होती एवढीशी! तिचा एकच भाताचा दाणा. कढईच्या काठावर चढली, पाय घसरला, दाणा दुधात पडला. डुबुक!

ठिपकी रडली. "दूध दूध, माझा दाणा दे!"

दूध म्हणालं, "मी गार. शेगडीने तापवलं, तर वर येईन. मग दाणा देईन."

शेगडी होती विजेची, वरून सपाट काचेची. शालनकाकूंनी कालच आणली. पण सवय जुनी! काकूंनी तिच्यावर आपली गोल कढईच ठेवली.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेगडी शेगडी, तापतेस का?
दूध वर येईना,
माझा दाणा मिळेना!"

शेगडी म्हणाली, "मुळीच नाही! तव्याने ओरखडे काढले. कढई नुसती डुगडुग, डुगडुग. ज्याचं बूड टेकेल, त्यालाच मी तापवीन. सपाट पातेलं आण."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पातेल्या पातेल्या, टेकतंस का?
शेगडी तापेना,
दूध वर येईना,
माझा दाणा मिळेना!"

पातेलं म्हणालं, "कसं टेकू? माझ्या बुडाला पोचा! तांबटकाका ठोकतील, तर टेकेन."

तांबटकाका भांडी ठोकायला आले होते. पायरीवर बसले होते. ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका काका, ठोकता का?
पातेलं टेकेना,
शेगडी तापेना,
दूध वर येईना,
माझा दाणा मिळेना!"

काका म्हणाले, "आत्ताच कुठे बूड टेकलंय, बाई! काकूंनी उठवलं, तर उठेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू काकू, उठवता का?
काका ठोकेनात,
पातेलं टेकेना,
शेगडी तापेना,
दूध वर येईना,
माझा दाणा मिळेना!"

काकू म्हणाल्या, "छे गं! दमून टेकलेल्या माणसाला उठवू नये."

ठिपकीला आला राग. एकाचं बूड टेकेना, एकाचं बूड उठेना! थांबा, बघतेच!

तुरुतुरु गेली. कडकडून चावली. कुठे? बुडाला!

"अगं आई गं!" काका ताडकन उठले.

काका ठोकू लागले. ठण ठण ठण!

पातेलं टेकलं. जराही डुगडुग नाही. काकूंनी दूध त्यात ओतलं.

शेगडी तापली. लाल लाल!

दूध वर आलं. फस्स!

दाणा मिळाला. ओट्यावर पडला. टप्प!

ठिपकीने फुंकर मारली. फू फू! दाणा उचलला आणि घरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काकूंनी चहा केला. म्हणाल्या, "बसा हो, तांबटकाका."

काका म्हणाले, "नको नको! मी आपला उभ्यानेच घेतो."