सारजाची गिरणी

कातळमाळ नावाचं एक गाव होतं, उंच डोंगरावर. त्या गावात सारजा नावाची एक बाई राहत होती. गावात पिठाची गिरणी नव्हती. बायका डोक्यावर दळण घेऊन घाट उतरायच्या, बाजारच्या गिरणीत रांग लावायच्या आणि दिवस कलताना परत यायच्या. सारजाने पाळलेल्या शेळ्या विकल्या आणि गावात गिरणी घातली.

घातली खरी, पण ती चालेना. परवान्यासाठी तिला कचेरीत सात खेपा घालाव्या लागल्या. वीज मनात येईल तेव्हा यायची आणि दळण अर्ध्यावर असताना जायची. आणि लोक? ते दारावरून जाताना म्हणायचे, "बाईमाणसाची गिरणी! पट्टा तुटला की बसेल रडत." पट्टा दोनदा तुटला. सारजा रडली नाही, पट्टा जोडायला शिकली. हळूहळू चार घरं दळण आणू लागली.

अशात हौसाक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाला पुरणपोळीचं जेवण होतं. हौसाक्का मोठ्या घरची, सावध बाई. तिने अर्धे गहू बाजारच्या गिरणीत धाडले आणि अर्धे सारजाकडे दिले.

"बघू तरी तुझं पीठ कसं येतं," ती म्हणाली.

सारजाला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, दोन दिवसांनी वीज आली. तिने आधी कोणाच्या तरी मिरच्या दळल्या आणि वीज जाईल या भीतीने लगेच गहू ओतले. मिरचीनंतर थोडं हलकं धान्य घालून गिरणी साफ करून घ्यायची असते. घाईत ते राहून गेलं. पीठ लग्नघरी पोचलं. तिथे दोन्हीकडचं पीठ एकाच पिंपात ओतलं गेलं.

दुपारी सारजाने गिरणीची पीठ पडायची कापडी नळी झटकली आणि तिला शिंकांवर शिंका आल्या. कापड आतून लालभडक होतं. म्हणजे मिरची गव्हाच्या पिठात उतरली होती.

तिचा दीर गणपा तिथेच बसला होता. तो हळूच म्हणाला, "वहिनी, गप्प राहा. अर्धं पीठ बाजारचं आहे. पोळी तिखट लागली, तर बोल त्या गिरणीला लागेल. उलट तुमचंच गिऱ्हाईक वाढेल."

बोलली तर आहेत ती चार घरंही जातील, हे सारजाला कळत होतं. तरी तिने पदर खोचला.

"भाऊजी, गिरणी माझी, मग चूक कुणाची?" असं म्हणून ती लग्नघराकडे निघाली.

मांडवात सगळा गोतावळा जमला होता. सर्वांसमोर ती म्हणाली, "हौसाक्का, माझ्या हातून पिठात मिरची गेली आहे. या पिठाच्या पोळ्या करू नका. गहू मी घरचे देते, दळूनही मीच देते."

हौसाक्काचा चेहरा उतरला. "अगं, पण वीज पुन्हा गेली ना! कशावर दळशील?"

"जात्यावर. हात आहेत की."

ती खरोखरच गव्हाचं पोतं आणि घरचं जातं घेऊन आली आणि मांडवाच्या कडेला दळायला बसली. थोड्या वेळाने एक म्हातारी उठली आणि खुंट्याला हात लावून समोर बसली. मग कुणी माळ्यावरचं जातं काढलं, कुणी न्हाणीघराशेजारचं धुऊन आणलं. बघता बघता अकरा जाती घरघरू लागली. ओव्या सुरू झाल्या. नवरीच्या मावश्या हसत हसत ओव्यांत नवऱ्या मुलाचं नाव गुंफू लागल्या. नवरीसुद्धा हळदीच्या अंगाने जात्यात एक मूठ गव्हाची वैरण घालून गेली. दिवस मावळायच्या आत पिंप भरलं.

तिखट पीठही वाया गेलं नाही. हौसाक्काने त्यात ओवा-मीठ घालून सकाळी पुऱ्या तळल्या. वऱ्हाडी त्यांवर तुटून पडले. नवऱ्या मुलाचे मामा तर डोळे पुसत पुसत तिसऱ्यांदा मागायला आले!

वऱ्हाड जेवून उठलं, तेव्हा हौसाक्काने सारजाला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने तिला पोळी वाढली.

"सारजा, चूक कुणाच्याही गिरणीत होते," ती म्हणाली. "पण ती येऊन सांगणारी गिरणीवाली मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या घरचं दळण आता घाट उतरणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाने गिरणीचं दार उघडलं, तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या गावाचे डबे आणि पिशव्या तिथे मांडून ठेवल्या होत्या. राखण करायला मात्र कुणीच थांबलं नव्हतं.

तात्पर्य: नव्या धंद्यात अडचणी येतात आणि चुकाही होतात. पण जो आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो आणि आपल्या हाताने निस्तरतो, त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.